गाडीलाही अभ्यंग हवे

चार चाकांचा संसार : आमचे नेहमीचे सदर

दिवाळी हा दिव्यांचा सण खरा. पण आपल्या आज्या-पणज्यांच्या हिशेबी तो थंडीच्या तयारीचाही सण होता. पहाटे उठून अंगाला तेल चोळायचे ते त्वचा फुटू नये म्हणून. चकली-अनारशांत तेल-तुपाची चंगळ व्हायची ती शरीराला ऊब राहावी म्हणून. गोधड्या उन्हात पडायच्या, ट्रंकेतून स्वेटर निघायचे, आणि घरातले कोणी माणूस गारठ्याला उघडे पडणार नाही याची व्यवस्था कार्तिक उजाडण्यापूर्वीच होऊन जायची.

या व्यवस्थेतून घरातला एकच सभासद हल्ली वगळला जातो, तो म्हणजे दारातली मोटार. दसऱ्याला तिच्या गळ्यात झेंडूची माळ पडते, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, चाकाखाली लिंबू चिरडले जाते. एवढे झाले की तिचे सारे झाले असे आपण समजतो. पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात त्यावाचून काही अडतही नाही. आपली थंडी मुळातच सभ्य. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गवतावरचे दव गोठले तर त्याचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते, यातच सारे आले!

पण नाताळची सुटी जवळ आली की चित्र बदलते. पूर्वी यात्रा कंपनीच्या बसने हिमालय पाहणारी मंडळी आता स्वतःची मोटार काढून सहकुटुंब मनालीला निघतात. रस्ते सुधारले, पैसा थोडा खुळखुळू लागला, आणि मुलांना बर्फ दाखवायचा हट्ट कोणत्या बापाला मोडवतो? त्यामुळे नोव्हेंबर लागला की या सदराकडे एकाच मजकुराची पत्रे येऊ लागतात : “आम्ही डिसेंबरअखेर मोटारीने मनालीस जात आहोत. गाडीचे सर्व्हिसिंग नुकतेच झाले आहे. आणखी काही करावे लागेल काय?”

होय, लागेल. आणि ते मनालीला पोचल्यावर नव्हे, घर सोडण्यापूर्वी.

हा प्रश्न हौसेचा नाही

आधी एवढा बाऊ कशासाठी ते सांगतो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी मनालीजवळचा अटल बोगदा वाहतुकीला खुला झाला. तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवरचा, नऊ किलोमीटर लांबीचा हा बोगदा ओलांडला की माणूस थेट लाहौलच्या खोऱ्यात उतरतो. रोहतांग खिंडीच्या बर्फामुळे जो मुलूख हिवाळाभर बंद असायचा, तो आता सकाळी निघून संध्याकाळी परतण्याच्या अंतरावर आला. सोय मोठीच झाली. पण बोगदा उघडला म्हणून त्याच्या दोन्ही तोंडांवरचा बर्फ काही वितळला नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस सोलंग आणि अटल बोगदा यांच्या दरम्यान बर्फवृष्टीत सुमारे एक हजार वाहने अडकून पडली. उतारावरून गाड्या घसरत होत्या आणि चालक असहायपणे पाहत होते, ही दृश्ये साऱ्या देशाने पाहिली. पोलिसांनी रात्रभर खपून प्रवाशांना खाली आणले, म्हणून मोठा अनर्थ टळला.

तो सगळीकडे टळत नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावी असाच बर्फ पाहायला लोटलेल्या पर्यटकांच्या मोटारी रात्रभर रस्त्यावर रुतून राहिल्या. सकाळी त्या गाड्यांतून किमान बावीस मृतदेह निघाले, त्यांत लहान मुलेही होती. मरीची उंची मनालीपेक्षा फार जास्त नाही. त्यांतले काही गारठ्याने गेले, तर काही बंद काचांच्या आत इंजिनाच्या विषारी धुराने गेले असावेत, असे तेव्हा सांगण्यात आले. ती माणसे गिर्यारोहक नव्हती. तुमच्या-माझ्यासारखी, मुलांना घेऊन सुटीला निघालेली कुटुंबवत्सल माणसे होती.

आता कामाला लागू.

खोबरेलाची बाटली काय शिकवते

हिवाळ्यात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, हे आपल्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पंचवीस अंशांच्या खाली गेले की खोबरेल थिजते. मोटारीच्या पोटातली तेलेही याच जातीची, फक्त त्यांचे थिजण्याचे अंश निराळे.

इंजिन ऑइलच्या डब्यावर ‘५ डब्ल्यू ३०’, ‘१५ डब्ल्यू ४०’ असे आकडे असतात. त्यातला ‘डब्ल्यू’ हा हिवाळ्याच्या इंग्रजी नावाचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत पातळ राहते. पहाटेच्या उणे पाच अंशांत जाड तेल इंजिनात काकवीसारखे जड होते. इंजिन फिरवताना बॅटरीचा जीव जातो, आणि फिरले तरी पहिली काही क्षणे वरच्या भागांना वंगण मिळत नाही. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात कोणत्या हवामानाला कोणते तेल याचे कोष्टक असते. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यातून एकदा तरी बाहेर काढा. तेल बदलायचे झालेच असेल तर निघण्यापूर्वी बदला.

डिझेलची गोष्ट त्याहून नाजूक. डिझेलमध्ये मेणाचा अंश असतो. थंडी वाढली की त्या मेणाचे कण धरतात, फिल्टर चोंदतो, आणि टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी राहते. लडाख, कारगिल, काझा, केलाँग या भागांसाठी इंडियन ऑइलने २०१९ साली उणे तेहतीस अंशांपर्यंत न थिजणारे खास हिवाळी डिझेल आणले, ते याचसाठी. तुम्ही-आम्ही मनालीपर्यंत जाणारे. आपण एवढेच करावे : महाराष्ट्रात भरलेले डिझेल टाकीत घेऊन डोंगर चढू नये. सपाटीवरच टाकी बरीचशी रिकामी होऊ द्यावी आणि वर गेल्यावर तिकडच्या पंपावर ती काठोकाठ भरावी. डोंगरातल्या पंपांना तिकडच्या थंडीचा विचार असतो. शिवाय भरलेल्या टाकीत दमट हवेला जागा उरत नाही, म्हणून पाणीही साचत नाही. डिझेल फिल्टर जुना झाला असेल तर बदलून टाकावा.

डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा जुना ट्रकवाल्यांचा तोडगा आजच्या इंजिनांवर करू नये. त्यांचे नाजूक पंप आणि इंजेक्टर त्याने कामातून जातात. टाकीखाली शेकोटी पेटवण्याचा दुसरा तोडगा तर सरळ यमाला आवतण आहे. डिझेल गाडी सुरू करताना डॅशबोर्डवरचा वेटोळ्या तारेसारखा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबावे आणि मग चावी फिरवावी. तेवढ्या वेळात आतल्या विजेच्या शेगड्या तापतात.

‘फुल आहे’ म्हणजे कशाने?

गॅरेजमध्ये हा संवाद नेहमी घडतो.

“दादा, कूलंट ठीक आहे ना?”

“एकदम फुल आहे, साहेब!”

फुल आहे हे खरे. कशाने फुल आहे हा प्रश्न आहे. उन्हाळ्यात घाटात पाणी कमी झाले, नळाचे ओतले. पुन्हा कमी झाले, पुन्हा ओतले. असे दोन-तीन वर्षांत कूलंटचे नावच उरते आणि रेडिएटरमध्ये नुसते पाणी राहते. महाराष्ट्रात ते खपून जाते. पण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. काचेची भरलेली बाटली फ्रीजरमध्ये विसरली तर तिचे काय होते ते गृहिणींना विचारावे. रेडिएटरचे, पाण्याच्या पंपाचे, प्रसंगी खुद्द इंजिनाच्या ओतीव धातूचे तेच होते. आणि हे एका रात्रीत, गाडी हॉटेलच्या दारात शांतपणे उभी असताना.

कूलंटमधले ग्लायकॉल आणि खनिजविरहित पाणी निम्मे-निम्मे असले तर ते मिश्रण उणे पस्तीस अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. कोणी म्हणेल, मग पाणी वगळून निव्वळ ग्लायकॉलच का ओतू नये? तर गंमत अशी, की शुद्ध ग्लायकॉल उणे तेरा अंशांनाच गोठते! दोघांच्या जोडीत जे बळ आहे ते एकट्यात नाही. संसारातही असेच असते म्हणतात. चांगल्या गॅरेजमध्ये एक छोटे मापक असते. त्यावर थेंबभर कूलंट टाकला की तो किती अंशांपर्यंत टिकेल ते कळते. ते माप घ्यायला सांगा; पाच मिनिटांचे काम आहे. मिश्रण पातळ निघाले तर सगळे काढून, पुस्तकात सांगितलेल्या जातीचे नवे भरून घ्या. निरनिराळ्या जाती एकमेकांत मिसळू नयेत, आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. आणखी एक : ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. सांडलेले पुसून घ्या, उरलेले मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या आवाक्याबाहेर ठेवा.

याच भेटीत थर्मोस्टॅट जागेवर आहे ना, हेही विचारा. इंजिन तापते अशी तक्रार केली की काही कारागीर तो काढूनच टाकतात. आपल्याकडे ते ध्यानात येत नाही, पण थंड प्रदेशात असे इंजिन कधी नीट तापत नाही आणि गाडीतला हीटर कोमट फुंकर घालत बसतो. मागच्या बाकावर लहान मूल असेल तर हा हीटर म्हणजे चैन नव्हे.

उन्हाळ्याचा अपराध, थंडीची शिक्षा

थंडीत बॅटरी बंद पडली की लोक थंडीला शिव्या देतात. वास्तविक बॅटरीला मारतो तो उन्हाळा. विदर्भ-मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांत बॉनेटखालच्या भट्टीत तिच्या आतल्या पट्ट्या झिजतात, पण उष्ण इंजिन सहज सुरू होत असल्याने तिचा अशक्तपणा झाकलेला राहतो. थंडी फक्त तो उघडकीला आणते. शून्य अंशाला बॅटरीची इंजिन फिरवण्याची शक्ती सुमारे एकतृतीयांशाने घटते, आणि नेमके तेव्हाच तेल जाड झालेले असल्याने इंजिन जास्त जोर मागते. आमदनी घटली आणि खर्च वाढला, तर कोणाचे दिवाळे निघणार नाही?

म्हणून बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर दुकानात भार देऊन तपासून घ्यावी. निकाल ‘अजून चालेल’ असा मोघम आला, तर ती पुण्यात चालेल असा त्याचा अर्थ घ्यावा. टोकांवर पांढरी-हिरवी पूड धरली असेल तर ती साफ करून पकडी घट्ट कराव्यात. जोडतारेचा एक चांगला, जाड संच गाडीत असावा. दुसऱ्या गाडीकडून वीज घेताना आधी लाल तार मेलेल्या बॅटरीच्या ‘अधिक’ टोकाला, मग जिवंत बॅटरीच्या ‘अधिक’ला, नंतर काळी तार जिवंत बॅटरीच्या ‘उणे’ला आणि शेवटचे टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. हा क्रम चिठ्ठीवर लिहून बॅटरीच्या झाकणाला चिकटवा. बर्फात बोटे बधिर झाली की पाठांतर आठवत नाही.

विजेवर चालणाऱ्या मोटारीवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. कडाक्याच्या थंडीत एका चार्जमधला पल्ला पंचवीस-तीस टक्क्यांनी घटणे नवलाचे नाही, आणि चार्जिंगलाही वेळ अधिक लागतो. दोन चार्जिंग केंद्रांमधले अंतर त्या हिशेबाने धरावे.

चार तळहातांवर सारा भरवसा

मोटार केवढीही मोठी असो, रस्त्याला ती प्रत्येक टायरच्या तळहाताएवढ्या तुकड्यानेच धरून असते. असे चार तळहात, आणि त्यांवर तुमचे सारे कुटुंब.

आपल्याकडच्या टायरचे रबर उष्ण रस्त्यांसाठी घडवलेले असते. सात अंशांच्या खाली ते कडक होऊ लागते आणि त्याची पकड कमी होते. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यासाठी मऊ रबराचे वेगळे टायर असतात, त्यांच्या बाजूवर तीन शिखरे आणि हिमकण असे चिन्ह असते. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर लावण्याची कायद्यानेच सक्ती आहे. जर्मनीतही बर्फाळ रस्त्यावर ते लागतात. तिकडे राहणारी आपली मुले-सुना दिवाळीच्या सुमारास फोनवर “यंदा टायर बदलायचे राहिलेत” म्हणतात ते याच टायरांविषयी. आपल्याकडे ते सहसा मिळत नाहीत, म्हणून आहेत ते टायर तरी धडधाकट हवेत. नक्षीची खोली १.६ मिलिमीटर ही कायद्याची किमान मर्यादा झाली. बर्फाच्या वाटेवर चार मिलिमीटरांहून कमी खोली असेल तर जाऊच नये.

हवेचा दाब दर पाच-सहा अंशांच्या घसरणीला सुमारे एक पौंडाने उतरतो. पुण्यात दुपारी तीस अंशांत भरलेली हवा चंदीगडच्या पहाटे चार-पाच पौंडांनी कमी भरते. पुढे उंचीवर बाहेरची हवा विरळ होते, त्याने मापक थोडे जास्त दाखवू लागतो. तेव्हा अंदाजपंचे न चालता एक छोटे मापक जवळ बाळगावे आणि रोज सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, दाब पाहावा. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. बर्फात पकड वाढेल म्हणून हवा काढून टाकणे हा खुळा सल्ला आहे. स्टेपनी तपासायला विसरू नका. बहुतेकांची स्टेपनी गाडी घेतल्यापासून झोपलेलीच असते.

बर्फात जायचेच असेल तर टायरांच्या साखळ्या हव्यात. तुमच्याच टायरच्या मापाच्या, आणि ज्या चाकांना इंजिन फिरवते त्या चाकांवर. आपल्या बहुतेक लहान गाड्यांत ती पुढची चाके असतात. साखळी चढवण्याचा सराव मात्र घराच्या अंगणात, उजेडात, दोनदा तरी करावा. पहिल्यांदाच ती पिशवीतून काढून बर्फात गुडघे टेकून चढवायची म्हणजे लग्नाच्या मांडवात मंगलाष्टके पाठ करायला घेण्यासारखे आहे. साखळ्यांवर वेग तीस-चाळीस किलोमीटरांच्या आतच ठेवावा आणि बर्फ संपून डांबर लागले की त्या उतरवाव्यात.

काच, दिवे आणि वाटेतले धुके

मनाली पुण्याहून दोन हजार किलोमीटरांच्या आसपास आहे. बर्फ लागतो तो अखेरच्या टप्प्यात, पण त्याआधी धुक्याचा टप्पा लागतो, आणि अधिक माणसे दगावतात ती तिथेच. डिसेंबर-जानेवारीत आग्र्यापासून पंजाबपर्यंतची सपाटी मध्यरात्रीपासून उन्हे वर येईपर्यंत दुधात बुडावी तशी बुडते. यमुना द्रुतगती मार्गावर अलीकडच्या वर्षांत डिसेंबरच्या मध्यापासून दोन महिने लहान वाहनांची वेगमर्यादा शंभरावरून पंचाहत्तरवर आणली जाते, ती उगाच नव्हे. पुढे एक वाहन थांबते, त्यावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे, अशी तिथे साखळीच्या साखळी आदळते.

धुक्यात मोठा प्रकाशझोत लावू नये. तो धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. आखूड झोत आणि बंपराखालचे धुक्याचे दिवे लावावेत. रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर नजर ठेवून, दिसते तेवढ्याच अंतरात थांबता येईल अशा वेगाने जावे. चारी इशाऱ्याचे दिवे चालत्या गाडीत लावू नयेत. मागच्याला आपण थांबलो की वळतो हे कळेनासे होते. काहीच दिसेनासे झाले तर रस्त्यावर थांबू नये, पंपाच्या किंवा ढाब्याच्या आवारात शिरावे. सर्वांत उत्तम म्हणजे उत्तरेच्या सपाटीवर सकाळी नऊ-दहाच्या आधी आणि रात्री गाडी चालवूच नये. पहाटे चारला निघून ‘अंतर कापण्याची’ आपली मर्दुमकी पुणे-कोल्हापूर रस्त्यावर ठीक आहे.

आतून काच धुरकटली तर हीटरबरोबर ए.सी.ही चालू करावा. थंडीत ए.सी. कशाला, असे वाटेल. पण तो हवेतला ओलावा शोषून घेतो आणि काच झटकन निवळते. बाहेरची हवा आत येऊ द्यावी. वायपरच्या पट्ट्या नव्या घालाव्यात. काच धुण्याच्या टाकीत साधे पाणी ठेवू नये, न गोठणारे द्रव भरावे. रात्री वायपर उचलून ठेवावेत आणि सकाळी काचेवरचा बर्फ प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावा. चहाची किटली काचेवर ओतण्याचा मोह आवरा. गरम पाण्याने थंड काच तडकते.

बर्फावरचे शिष्टाचार

डोंगरात खरा वैरी पांढरा बर्फ नव्हे. तो निदान दिसतो तरी. खरा वैरी काचेसारखा पातळ, पारदर्शक बर्फ, जो ओल्या डांबरासारखा दिसतो. पुलांवर, बोगद्यांच्या तोंडाशी, ऊन न पोचणाऱ्या वळणांवर, सकाळी आणि सूर्य मावळल्यावर तो हमखास असतो. त्यावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतर लागू शकते. तेव्हा वेग आधीच कमी हवा आणि पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर हवे.

इथे सारे हळुवार. नवजात बाळाला उचलतो तसे. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी हलवावी, उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनालाच गाडी आवरू द्यावी, ब्रेकवर पाय आपटू नये, स्टिअरिंग हिसडू नये. गाडी घसरलीच तर जिकडे जायचे तिकडे नजर आणि चाके ठेवून पेडल सोडावे. एबीएस असलेल्या गाडीत निकराने थांबायचे झाले तर पेडल दाबूनच धरावे. पायाला थरथर जाणवते, ती यंत्रणा काम करत असल्याची खूण असते. ‘माझी फोर-बाय-फोर आहे’ या घमेंडीत कोणी राहू नये. चारी चाकांचे बळ गाडी हलवायला मदत करते. थांबवायला तिच्याकडेही तेच चार तळहात.

रात्री गाडी उभी करताना हाताचा ब्रेक ओढून ठेवला तर तो ओला होऊन गोठतो आणि सकाळी सुटत नाही. सपाट जागा पाहावी, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना दगड लावावेत.

अडकलातच तर

हा मजकूर कात्रण काढून गाडीत ठेवावा असा आहे.

पहिले, गाडी सोडून वादळात चालत निघू नये. दुसरे, ११२ या क्रमांकावर कळवावे. तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे : उबेसाठी इंजिन चालू करण्यापूर्वी खाली उतरून मागच्या धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढावा, आणि बर्फ पडत असेल तर पुन्हा पुन्हा काढावा. नळी बुजली की धूर गाडीत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. तासाला दहा मिनिटेच इंजिन चालवावे, आणि तेव्हा वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी. गारठा सोसतो, विष सोसत नाही. सर्वांनी एकाच वेळी झोपू नये.

आणि एवढ्यासाठी डिकीत एक पेटी भरलेली असावी : दोन जाड कांबळी, हातमोजे, टॉर्च, लहान फावडे, ओढण्याचा दोर, जोडतारा, मोबाइलसाठी भरलेली पॉवर बँक, पाण्याच्या बाटल्या, रोजची औषधे, बाळ असेल तर त्याचे दूध. दोन-तीन जुनी गोणपाटे अवश्य घ्यावीत. फिरत्या चाकाखाली सारली की रुतलेली गाडी निघते. खायला काय न्यावे हे मराठी गृहिणीला सांगायला नको. बेसनाचे लाडू आणि चिवडा यांइतके न नासणारे, न गोठणारे आणि पोटाला आधार देणारे अन्न शोधून सापडणार नाही.

शेवटची तयारी

इतके सारे केले तरी एक तयारी उरते, आणि ती कोणत्याही गॅरेजात होत नाही. ती म्हणजे परत फिरण्याची तयारी. बर्फ पडू लागला की पोलीस साध्या गाड्यांना पुढे सोडत नाहीत. तेव्हा त्यांच्याशी हुज्जत घालणारी, आडवाटेने निसटू पाहणारी मंडळी आपण पाहिली आहेत. का निसटतात? तर हॉटेलचे पैसे भरलेले असतात, रजा संपत आलेली असते, मुलांना शब्द दिलेला असतो. दोन हजार किलोमीटर आलो आणि वीस किलोमीटरांसाठी परत जायचे?

म्हणून बेत आखतानाच दोन दिवस रिकामे ठेवा. ते दोन दिवस हातात असले की घाई राहत नाही, आणि घाई नसली की निम्मा धोका तिथेच संपतो. वर जाण्याचा मोह आवरत नसेल तर आपली गाडी मनालीत ठेवा आणि तिकडच्या जाणत्या चालकाची गाडी भाड्याने घ्या. बर्फ मुलांना तिच्यातूनही तितकाच पांढरा दिसतो. आणि तोही चालक “आज नको, साहेब” म्हणाला, तर त्याचे ऐका. त्याने ते रस्ते जन्मभर पाहिले आहेत.

तेव्हा वाचकहो, यंदा पाडव्याच्या सकाळी घरच्यांचे ओवाळणे आटोपले की मोटारीचे बॉनेट उघडा. तेल पाहा, कूलंट पाहा, बॅटरीची तारीख पाहा, टायरच्या नक्षीत काडी घालून खोली पाहा. मग मेकॅनिककडे यादी घेऊन जा, आणि ‘फुल आहे’ या उत्तरावर समाधान मानू नका.

आपणा सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा. जाल तिथून सुखरूप घरी या.